उतारावरचा फ्रिज

आमच्या ट्रेलरमधला फ्रिज गॅसवर चालतो. गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी शेवटी मला ते कबुलीजबाबासारखं वाटायला लागलं.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आमची सतरा फुटी आहे. आत दोन माणसं झोपतात, आणि तिसरं आत आलं तर पहिल्या दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागतं. निवृत्त झाल्यावर मी ती जुनी विकत घेतली. का घेतली, हे माझी बायको वर्ना अजून विचारते. तो विषय इथे नको.

फ्रिज गॅसवर चालतो म्हणजे त्याच्या पाठीमागे करंगळीएवढी निळी ज्योत जळत असते, आणि त्या आगीने आतला बर्फ होतो. कसा होतो, असं वर्नाने विचारलं. मी पुस्तिका आणून दोन पानं मोठ्याने वाचून दाखवली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे तुलाही ठाऊक नाही."

खोली एका जागी उभी असेल तोवर काही अडचण नाही. प्रश्न येतो तो ती रस्त्यावर धावत असताना. ज्योत पेटती ठेवावी तर मागे गॅसचा सिलेंडर, पुढे पेट्रोलची टाकी, आणि मध्ये आम्ही. विझवावी तर आतलं अन्न खराब होणार. आमचं अन्न साधंसुधं असतं तर मी ज्योत विझवून मोकळा झालो असतो. पण आत बटाट्याचं सॅलड असणार होतं.

वर्नाच्या माहेरची सत्तर माणसं दर जुलैत आर्कान्सामधल्या एका तळ्याकाठी जमतात. तीन वर्षांपूर्वी तिथे वर्नाच्या धाकट्या बहिणीने, ग्लेंडाने, बटाट्याचं सॅलड आणलं होतं. बर्फाच्या पेटीत आणलं होतं, पण ऊन फार होतं. संध्याकाळपर्यंत सतरा जण आडवे झाले. कोणी दगावलं नाही, पण त्या दिवसापासून त्या घराण्यात बटाट्याच्या सॅलडचं नाव कोणी काढत नसे, आणि ग्लेंडा जेवणाच्या टेबलावर फक्त कागदी रुमाल आणून ठेवत असे. यंदा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयडा आत्याने सगळ्यांना एकाच वेळी फोनवर घेतलं. म्हणाली, "मला मरायच्या आधी एकदा बटाट्याचं सॅलड खायचंय, आणि ते खाऊन मरायचं नाहीये. वर्नाने करावं." त्या फोनवर ग्लेंडाही होती.

आता तुम्ही म्हणाल, तिथे जाऊन करायचं. मीही म्हणालो. वर्नाचं म्हणणं असं की तिचं सॅलड एक दिवस मुरावं लागतं, आणि परक्या चुलीवर बटाटा मनासारखा शिजत नाही. मग बर्फाच्या पेटीतून नेऊ, असं मी म्हणालो, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून बर्फाची पेटी हे शब्दही त्या घराण्यात उच्चारायचे नसतात हे माझ्या लक्षात आलं. राहिला फ्रिज.

माझी चूक एवढीच, की हा प्रश्न मी कुंपणाशी उभं राहून मोठ्याने विचारला.

आमच्या डावीकडे ड्वेन किमेल राहतो. अग्निशमन दलात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. त्याला साधी मेणबत्ती दाखवली तरी तो आधी पळायची वाट कुठे आहे ते बघतो. "पेटती ज्योत," तो म्हणाला, "धावत्या गाडीत." माणूस गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात.

"पण पुष्कळ लोक चालवतात ना?"

"पुष्कळ लोक काय काय करतात ते मी सव्वीस वर्षं उचलून बाहेर काढलंय. समज, मागून कोणी ठोकलं. नळी तुटली. गॅस बाहेर. ज्योत तयारच आहे. तिला बिचारीला वेगळं बोलवायलाही नको."

ड्वेनच्या पलीकडच्या घरातून हार्लन बूथ आला. त्याने ट्रेलर ओढण्यात तीस वर्षं घालवली आहेत आणि तीसही वर्षं तो एका दमात सांगू शकतो. "एल्डन, ह्याचं ऐकशील तर चहासुद्धा थंड पिशील. मी तीस वर्षं ज्योत चालू ठेवून फिरतोय. माझी भुवईसुद्धा जळली नाही."

"तुला भुवया कुठे आहेत?" ड्वेन म्हणाला.

"त्या वयाने गेल्या."

दोघांचं भांडण अर्धा तास चाललं. त्यात माझा फ्रिज पहिल्या पाच मिनिटांतच मागे पडला आणि दोघांच्या कुंपणामधल्या झाडाच्या फांद्या कोणी कापायच्या, हा जुना वाद वर आला. मी घरात गेलो. ते दोघं माझ्याच अंगणात उभे होते, हे मला जेवताना आठवलं.

मग मी रीतसर चौकशी करायचं ठरवलं. मी गावच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं होतो, त्यामुळे रीतसर चौकशीवर माझी श्रद्धा आहे. वाहतूक खात्याला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक बाई आल्या.

"धावत्या ट्रेलरमध्ये गॅसचा फ्रिज चालू ठेवायला मनाई आहे का?"

"तशी मनाई असल्याचं आमच्या पाहण्यात नाही."

"म्हणजे परवानगी आहे."

"असं मी म्हणाले नाही."

"मग काय समजायचं?"

"आपण आपल्या जबाबदारीवर योग्य ते समजावं."

मी फोन ठेवला. राग आला होता, पण त्याहून जास्त ओळख पटली होती. ही माझीच भाषा. 'नळाचं पाणी पिण्यास अयोग्य असल्याचं आढळून आलेलं नाही' ही ओळ मी एकतीस वर्षांत किमान दोनशे वेळा लिहिली असेल. ती वाचून लोकांना काय वाटत असेल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

विमा कंपनीच्या माणसाने तर प्रश्न ऐकून आधी विचारलं, "हे आपण कशावरून विचारताय?" मी म्हणालो, सहज. सहज विचारलेला माझा प्रश्न त्याने टिपून घेतला, आणि आठवड्याने घरी एक छापील अर्ज आला. त्यातला चौथा प्रश्न होता: 'आपण वाहनात पेटती ज्योत बाळगता का? नसल्यास, केव्हापासून बंद केलं?' हा अर्ज मी अजून भरलेला नाही.

शेवटी निकाल वर्नाने दिला. "आदल्या रात्रीपर्यंत फ्रिज पार थंड करायचा. बाटल्यांत पाणी गोठवून आत भरायच्या. रस्त्यात ज्योत बंद, फ्रिजचं दार बंद, आणि तुझं तोंडही बंद. आठ तासांचा तर प्रवास आहे." आणि तिने बाजारातून एक यंत्र आणलं. त्याचा एक तुकडा फ्रिजमध्ये सॅलडशेजारी ठेवायचा, दुसरा गाडीत मांडीवर. आत किती थंड आहे ते मांडीवर दिसतं. चाळीस अंश फॅरनहाइट ही हद्द. चाळीसच्या वर दोन तास गेले की सॅलड फेकून द्यायचं. हा नियम सरकारी आहे, पण सरकारने तो वर्नाला विचारून केला असावा इतकी ती त्याबाबत कडक आहे.

पहाटे पाचला आम्ही कॅन्ससमधून निघालो. तीन मोठ्या डब्यांत पंचवीस पौंड बटाट्यांचं सॅलड, मांडीवर आकडा चौतीस. ड्वेन अंगणात उभा राहून समाधानाने हात हलवत होता. हार्लन खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "त्याला नको सांगूस, पण फ्रिज गाडीच्या बॅटरीवरही चालतो. तिथे बाजूला बटण आहे. ज्योत नाही, काही नाही. मधला मार्ग."

मधला मार्ग म्हटला की माझ्यासारख्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. पहिल्याच वळणावर थांबून मी ते बटण दाबून आलो. अडीच तास आकडा चौतीसवरून हलला नाही. मी वर्नाला म्हणालो, "बघ, जरा डोकं वापरलं की झालं." हे मी बोलायला नको होतं.

नाश्त्याला एका ठिकाणी थांबलो. अंडी, बटाटे, दोन दोन कप कॉफी. पाऊण तासाने येऊन किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. इंजिन बंद करून मी आत कॉफी पीत होतो तेव्हा फ्रिज इमानेइतबारे गाडीची बॅटरी पीत होता. एका ट्रकवाल्याने तारा जोडून गाडी सुरू करून दिली, पण त्याआधी तो काय झालं ते विचारून पोट धरून हसला आणि आतल्या दोन मित्रांना बोलावून त्यांनाही ते माझ्याच तोंडून ऐकवलं. दीड तास गेला. आकडा सदतीस. बाहेरचा पारा ताप चढत्या माणसासारखा एकशे दोनकडे निघालेला.

"आता?" वर्ना म्हणाली.

"आता काय, दार बंद ठेवायचं."

"बाटल्या वितळल्या असणार, एल्डन. अजून साडेपाच तास आहेत." तिने मांडीवरचा आकडा पुन्हा पाहिला. "पेटव."

"ड्वेन म्हणाला होता..."

"ड्वेन आयडा आत्याला तोंड द्यायला येणार आहे का?"

मी ज्योत पेटवली. पुढचे साठ मैल मी आयुष्यात चालवली नाही तशी गाडी चालवली. खांदे कानाला लागलेले, वेग पंचेचाळीस, मागून कोणी जवळ आलं की नजर आरशात. देवघरातली समई दोन्ही हातांनी सांभाळत न्यावी तसा मी तो ट्रेलर नेत होतो. मागचे लोक भोंगे वाजवत होते आणि पुढे जाताना खिडकीतून हातवारे करत होते. एका लहान मुलीनेही केले. पेट्रोल पंप दिसला तेव्हा मी अलीकडे फर्लांगभर गाडी बाजूला घेतली, कारण पेट्रोलच्या वाफांजवळ ज्योत नेणं हा शुद्ध वेडेपणा, ह्याबाबत हार्लन आणि ड्वेन यांचंही एकमत होतं. उतरून, मागे जाऊन, जाळी काढून आत वाकून पाहिलं.

ज्योत नव्हती. वाऱ्याने कधीच विझली होती. ज्योत जळते त्या डबीला हात लावला तर गार. म्हणजे आम्ही निघालो तेव्हाच गेली असणार. साठ मैल मी विझलेल्या ज्योतीला घाबरत होतो.

हे वर्नाला सांगावं की नाही ह्याचा विचार करत मी पेट्रोल भरलं. सांगावं लागलं नाही. आकडा एकोणचाळीस झाला होता.

"नकाशात एक फेरी दिसतेय, गाड्या नेणारी बोट," ती म्हणाली. "तळ्याच्या ह्या काठावरून त्या काठावर वीस मिनिटांत. डोंगरातला सत्तर मैलांचा फेरा वाचेल."

हिशेब चोख होता. आम्ही मुख्य रस्ता सोडून तळ्याकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्याला लागलो, आणि अर्ध्या उतारावर गाड्यांची रांग उभी होती. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की फेरीच्या इंजिनाचा पंप गेलाय, सुटा भाग आणायला माणूस धाडलाय, तो कधी येईल ते सांगता येत नाही. परत फिरावं तर रस्ता अरुंद, आणि ट्रेलर मागे घेण्याची विद्या मला अजून आलेली नाही. मी मागे घ्यायला गेलो की तो मोठ्या माणसाने हात धरलेल्या हट्टी पोरासारखा नेमका उलटीकडे वळतो. त्यामुळे आम्ही थांबलो.

थांबलो तर थांबलो, ज्योत तर पेटवता येईल, असं म्हणून मी पेटवली. मग पुस्तिकेतलं तिसरं पान आठवलं. हा फ्रिज उभा असताना सपाट जागेवर पाहिजे. तिरका असेल तर ज्योत जळत राहते आणि थंड काही होत नाही. आणि आमचा ट्रेलर नाक खाली करून उतारावर उभा.

मी ट्रेलर गाडीपासून सोडवला. मागच्या पिकअपमधून एक दाढीवाला माणूस उतरला, डेल त्याचं नाव. काही न विचारता त्याने ट्रेलरच्या चाकांना दगड लावले. मी पुढचा दांडा फिरवून नाक वर उचललं. वर्ना आत पाणसळ धरून बसली आणि खिडकीतून ओरडत होती, "अजून, अजून, बस, जास्त झालं, खाली." बुडबुडा मध्ये आला. आम्ही तिघांनी घाम पुसला.

तेवढ्यात पुढच्या दोन गाड्या कंटाळून वळल्या आणि निघून गेल्या. रांग पुढे सरकली. मागच्यांनी भोंगे वाजवले.

नाक खाली, ट्रेलर जोड, दगड काढ, वीस फूट पुढे जा, दगड लाव, ट्रेलर सोड, नाक वर, पाणसळ, "अजून, अजून, बस." बुडबुडा मध्ये आला आणि अजून एक गाडी वळून गेली. असं चार वेळा झालं. तिसऱ्या वेळी रांगेतले दहाबारा लोक सावलीला उभे राहून बघायला लागले होते आणि चौथ्या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षं मी गावात मान खाली घालावी लागेल असं काही केलं नव्हतं. तो सगळा साठा त्या उतारावर संपला.

चौथ्या हालचालीनंतर आम्ही रांगेत पहिले झालो. पिवळं जाकीट घातलेला फेरीवरचा माणूस आला. जाकिटावर रँडल असं नाव होतं. त्याने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, ह्या पांढऱ्या रेघेच्या पुढे गॅस बंद. सिलेंडरची तोटीसुद्धा."

"पण फेरी तर चालूच नाहीये."

"फेरी चालू नाहीये, पण रेघ चालू आहे."

हे वाक्य मीही लिहिलं असतं. मी तोटी बंद केली. वर्नाने मांडीवरचं यंत्र उचलून मला दाखवलं. एक्केचाळीस. "दोन वाजून दहा मिनिटं झालीत," ती म्हणाली, आणि हातावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

अर्धा तास गेला. मी म्हणालो, "एक्केचाळीस म्हणजे काय, एकाने तर जास्त आहे. तिथे पोचून पुन्हा थंड केलं तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," वर्ना म्हणाली.

ती खिडकीतून पाण्याकडे बघत होती. दोन दिवस ती बटाट्यांमागे उभी होती हे मी पाहिलं होतं. त्या सॅलडात तिचा किती जीव गुंतला होता, आणि त्यातला किती सॅलडात आणि किती बहिणीपुढे ताठ मानेने उभं राहण्यात, हे मला विचारायचं नव्हतं. तीन वाजता ती उठली. केस नीट केले.

"एल्डन, ताटल्या काढ."

"कशाला?"

"अजून तासभर हे सॅलड चांगलं आहे. उत्तम आहे. तासाने नसेल. आणि इथे चाळीस माणसं उन्हात भुकेली उभी आहेत."

आम्ही ट्रेलरचं दुमडतं टेबल बाहेर लावलं. तिन्ही डबे ठेवले. पहिल्यांदा कोणी पुढे येईना. अनोळखी बाईने रस्त्यात वाढलेलं सॅलड खायला धीर लागतो. मग डेल आला. एक घास खाल्ला, थांबला, आणि मागे वळून बायकोला हाक मारली, "शर्ली, पोरांना घेऊन ये." त्यानंतर रांग लागली. त्याच उतारावर दुसरी रांग.

रँडल दोनदा टेबलाजवळून गेला. तिसऱ्यांदा थांबला. "बाई, वास चांगला येतोय. पण नोकरीवर असताना प्रवाशांकडून भेट घ्यायची आम्हाला मनाई आहे."

त्याच्या चेहऱ्यावरची भूक मला बघवेना. आणि शिवाय हे माझं क्षेत्र होतं. मी खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर लिहिलं: 'सदर पदार्थ ही भेट नसून, नाशवंत मालाची मुदतीपूर्वी केलेली विल्हेवाट आहे. विल्हेवाटीच्या कामी कर्मचाऱ्याने सहकार्य केलं.' खाली सही, तारीख, वेळ. रँडलने ते दोनदा वाचलं, घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "सहकार्य जरा जास्त वाढा."

मग लोकांनीही आपापलं काढलं. कोणी पिकअपच्या मागे शेगडी मांडून सॉसेज भाजले, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, ह्याची मी स्वतः खात्री केली. कोणी कलिंगड कापलं. एका म्हाताऱ्याने तीनदा घेतलं आणि वर्नाला म्हणाला की त्याच्या बायकोच्या सॅलडापेक्षा हे चांगलं आहे, आणि हे तो आज बोलू शकतो कारण ती गाडीत झोपली आहे. ट्रेलर वरखाली करताना माझ्यावर हसलेले लोक आता मला ट्रेलर मागे कसा घ्यायचा ते शिकवत होते. सहा जणांनी सहा पद्धती शिकवल्या. चार वाजून पाच मिनिटांनी वर्नाने शेवटच्या डब्याचा तळ खरवडून डेलच्या धाकट्याच्या ताटलीत घातला आणि यंत्र बंद केलं. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, आणि मी तिला बऱ्याच दिवसांत इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

साडेचारला सुटा भाग आला, पाचला फेरी सुटली. तळ्यावरून वारा येत होता. तोटी बंद, ज्योत बंद, आत फक्त तीन धुतलेले डबे. इतक्या निश्चिंतपणे मी तो ट्रेलर त्याआधी कधी नेला नव्हता.

सहाच्या सुमाराला आम्ही मुक्कामी पोचलो, आणि नेमकी ग्लेंडाच फाटकाशी उभी होती. हातात कागदी रुमालांचा गठ्ठा.

"आलात," ती म्हणाली. "सॅलड कुठे ठेवायचं? मोठा फ्रिज रिकामा करून ठेवलाय."

"सॅलड नाही," वर्ना म्हणाली. "चाळीसच्या वर गेलं. रस्त्यात वाटून टाकलं."

मी पाय मागे घेतला. बहिणींच्या मध्ये उभं राहू नये, हे मला कोणा शेजाऱ्याने सांगावं लागलं नव्हतं. ग्लेंडाने रुमालांचा गठ्ठा फाटकाच्या खांबावर ठेवला.

"मलाही कळलं होतं," ती म्हणाली. "त्या वर्षी. झाकण उघडलं तेव्हाच कळलं. बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. पण सत्तर माणसं ताटल्या घेऊन उभी होती. वाटलं, आता परत नेलं तर काय म्हणतील. हे मी कोणाला बोलले नाही."

मला भीती होती वर्ना आता काहीतरी बरोबर बोलेल. ती बरोबर फार छान बोलते. पण ती म्हणाली, "माझ्यापुढे अनोळखी माणसं होती, ग्लेंडा. आपलीच सगळी समोर उभी असती तर मला तरी जमलं असतं का, देव जाणे."

ग्लेंडाने नाक पुसलं. रुमाल होतेच.

"बटाटे किती आहेत इथे?" वर्नाने विचारलं.

गावातल्या दुकानात दहा पौंड मिळाले. उरलेले मी आणि ग्लेंडाच्या नवऱ्याने खोल्याखोल्यांतून गोळा केले. कोणाकडे तीन, कोणाकडे पाच, एका पुतणीकडे मोड आलेला एक, तोही घेतला. स्वयंपाकघरात दोघी बहिणी मोहरी किती आणि साखर घालायची की नाही ह्यावरून भांडायला लागल्या, आणि ते भांडण इतकं जोरात आणि इतकं सुखाचं होतं की बाहेर अंगणातले लोक बोलणं थांबवून ऐकत होते. मला सोलायला बसवलं. परक्या चुलीवर बटाटे शिजले. परक्या चुलीने काही वाईट केलं नाही, पण हे मी वर्नाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॅलड टेबलावर आलं. आधी सगळे आयडा आत्याकडे बघत होते. तिने खाल्लं, चमचा चाटला, आणि विचारलं, "हे कोणी केलंय?"

वर्नाने ग्लेंडाकडे पाहिलं. ग्लेंडाने वर्नाकडे पाहिलं. तीन वर्षांनी पहिल्यांदा दोघींना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली असावी.

"एल्डनने," दोघी म्हणाल्या.

सत्तर माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी नाही म्हणणार होतो, खरंच म्हणणार होतो, पण तोंडात घास होता. दुपारभर लोक येऊन माझी पाठ थोपटत होते. संध्याकाळी वर्नाच्या चुलतभावाची मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, "एल्डन काका, कृती सांगा ना."

मी खुर्चीत नीट सावरून बसलो. बटाटा कोणत्या हातात धरायचा, सुरी कोणत्या हातात, साल आपल्याकडे ओढत काढावी की आपल्यापासून दूर, डोळे कसे कोरायचे, पाण्यात टाकायचे की नाही, हे सगळं मी तिला वीस मिनिटं तपशीलवार समजावून सांगितलं. त्याच्या पुढचं मला काही ठाऊक नव्हतं, तिथे मी थांबलो. तिने सगळं लिहून घेतलं आणि खाली जाड रेघ मारली.